झाकून ठेवलेलं ताट

मामाजी,

तुमची डेग घासून अंगणात पालथी घातली आहे. शाळेतून आले, फाटक लोटलं, ती उन्हात दिसली आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "आज कोणाकोणाला जेवायला सांगितलंय?" ओट्यावर आत्याबाई, माझ्या सासूबाई, तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं आणि पाय धुवायला मोरीकडे गेले. तुम्ही गेलात हे डोक्याला कळलंय. जिभेला अजून कळायचं आहे.

परवा तुमचं जलदान झालं, गेलेल्याच्या नावाचं जेवण. डेग चुलीवर चढली होती. ती कोणी चढवली ते मी शेवटी सांगणार आहे. तुम्ही गोष्ट सांगताना ऐन मोक्याला उठून चुलीत लाकूड सारायला जायचात आणि मी सुपात हात घालून ताटकळत बसायची. आता तुम्ही बसा.

लोक येतात, तुमच्या फोटोपुढे टेकतात आणि म्हणतात, फौजी माणूस गेला, देशासाठी लढला. मी मान हलवते. तुम्ही असतात तर लगेच दुरुस्ती केली असती. "लढलो नाही बापा, रांधलं. लढनारे येगळे होते." हे तुम्ही इतक्यांदा सांगितलंत की शेवटी गावाला वाटायला लागलं, हा माणूस काहीतरी लपवतोय. तुम्ही काही लपवत नव्हता. लांगरी होता, फौजेतला स्वयंपाकी. आयुष्याची उमेदीची वर्षं जवानांसाठी वरण शिजवण्यात घालवलीत आणि तेच सांगत होता. मात्र तुम्ही जे सांगत नव्हता त्यावरून आपलं भांडण होतं. ते मिटलं नाही आणि तुम्ही चालते झालात, याचा मला राग आहे. रडू येतं तेही थोडं त्या रागाचंच असतं.

आमच्या लग्नाला तुम्ही रजेवर आलात तेव्हा आपली पाया पडण्यापुरती ओळख झाली होती. खरी ओळख झाली ती तुम्ही कायमचे घरी आलात त्या दिवशी. दुष्काळाचं वर्ष होतं. मेडशीच्या स्टँडवर आपली सगळी गल्ली हार घेऊन उभी. एसटी थांबली, तुम्ही उतरलात, गळ्यात हार पडले आणि तुमचं लक्ष सगळं गाडीच्या टपाकडे. "संभालके! आपटू नका!" असं ओरडत होता. पोरांना वाटलं, आता तोफ उतरते. उतरली ती तांब्याची डेग, फौजेने निकामी ठरवून लिलावात काढलेली. तिच्यात आपल्या घरातली सगळी भांडी मावली असती आणि वर आत्याबाईही. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि म्हणाल्या, "इतके वर्स वाट पाह्यली, अन् आनलं काय, त एवढा मोठा गंज!"

सगळे हसले. फक्त हे हसले नाहीत. हे म्हणजे तुमचा सुदाम, माझा नवरा. मी शेजारीच उभी होते. डेग दिसली तशी ह्यांची मान खाली गेली. ह्यांनी तुमची ट्रंक खांद्यावर घेतली आणि एकटेच पुढे चालू लागले. डेगेची एक कडी तुम्ही धरली, दुसरी रहमानचाचांनी. कल्हईवाले रहमानचाचा, तुमचे लहानपणापासूनचे दोस्त. ते आत डोकावून म्हणाले, "कल्हई उड गयी है यार. कल बिठा देता हूँ." आणि खरंच दुसऱ्या दिवशी भाता घेऊन हजर झाले.

ह्यांची मान का खाली गेली ते मला पुढे आत्याबाईंनी सांगितलं. हे मालेगावला शाळेत होते तेव्हा बापाबद्दल छाती काढून सांगायचे, माझा बाप तोफ चालवतो. मग शेजारच्या खेड्यातला एक जवान रजेवर आला आणि सहज बोलून गेला, "अरे, थो त आमचा लांगरी." झालं. मधल्या सुट्टीत पोट्टे ह्यांच्यापुढे डबे धरून उभे राहायला लागले. "ए लांगऱ्या, वाढ!" पोरगं तापाने फणफणून घरी आलं. पुढच्या रजेत तुम्ही मोठ्या हौसेने लेकासाठी कोंबडी रांधली आणि लेक म्हणाला, माझं पोट दुखतं. ते पोट नंतर कधी बरं झालं नाही.

तुमच्या हातचं ह्यांच्या घशाखाली उतरायचं नाही. भाकर आत्याबाईंची असायची, म्हणून ती चालायची. तेल-तिखट लावून तीच खायची आणि पाणी पिऊन उठायचं. वय वाढलं तशी लाज गेली असेल, नव्हे गेलीच होती. पण इतकी वर्षं न जेवलेला माणूस एक दिवस अचानक ताटावर कसा बसणार? त्यालाही कोणीतरी हात धरून बसवावं लागतं. तुम्ही बसवलं नाहीत.

तुमच्या डेगेची मात्र गल्लीला लवकरच सवय झाली. पहिल्या दिवशी तुम्ही घरच्यांसाठी म्हणून वरण टाकलंत आणि ते ओट्यावरून वाहायला लागलं. इतकं वरण, मामाजी! आपण घरात चार माणसं. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. तुम्ही ओशाळून म्हणालात, "हाताले मापच थे हाये, काय करू." मग गंजुल्या, वाट्या घेऊन सगळी गल्ली आली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही दिवशी तेच. घरात तूर किती होती ते मला ठाऊक होतं, म्हणून मी घाबरले. तेव्हा तुम्हीच तोड काढली. दुष्काळ सगळ्यांच्याच घरी होता. माणसं खडी फोडायला जात होती आणि रेशनची लाल जवारी खात होती. तुम्ही सांगितलंत, ज्याच्या घरी जे असेल ते मूठभर आणा. कोणी तूर, कोणी मूग, कोणी नुसतं तिखट, कोणी चार लाकडं. सगळं एका डेगेत. विहाराच्या मागच्या आपल्या ओळीतली चूल त्या उन्हाळ्यात एकच पेटायची. रहमानचाचांचं घरही मूठ पाठवायचं. त्या वरणाला कधी कसली चव लागेल याचा नेम नसायचा, पण ते गरम असायचं आणि पोटभर असायचं. मी आजही शाळेत पोरांना दुष्काळाचा धडा शिकवते तेव्हा मला खडी आठवत नाही, तुमचा पळा आठवतो.

आणि साहेबांची चाखणी! फौजेत जवानांना वाढायच्या आधी साहेब येऊन चाखतो, तो ठीक म्हणाला की मगच पंगत. घरी साहेब कुठून आणायचा, म्हणून तुम्ही आत्याबाईंना नेमलंत. पळीत वरण घेऊन त्यांच्यापुढे टाचा जुळवून उभे राहायचात. "साब, खाना तयार है." आत्याबाई पदर सावरायच्या, जिभेला लावायच्या, डोळे बारीक करायच्या आणि दर वेळी एकच सांगायच्या, "मीठ कमी हाये." तुम्ही मान खाली घालून चुलीपाशी जायचात, चिमूट टाकायचात, ढवळायचात, पुन्हा पळी घेऊन हजर. "आता जमलं," आत्याबाई म्हणायच्या. मला पुष्कळ दिवस वाटायचं, या बाईला मीठ जास्त लागतं. मग एकदा चुलीमागून फुंकणी उचलताना मी पाहिलं, तुमची चिमूट रिकामी होती. मी बोट दाखवणार तोच तुम्ही डोळ्यांनी दटावलंत. संध्याकाळी आत्याबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मले काय दिसत नाही का? डोये हायेत मले." आणि लाजल्या. त्या वयात!

तुम्ही चुलीपाशी बसलात म्हणून मी खुर्चीवर बसू शकले. मला गावातल्याच शाळेत नेमणूक मिळाली तेव्हा बायका बोलायच्या, सासरा चुलीवर अन् सून खुर्चीवर, घोर कलियुग. एकीने तर तुमच्या तोंडावर विचारलं, "भाऊ, तुमाले लाज नाही वाटत?" तुम्ही म्हणालात, "लाज कायची? इतक्या लोकाइचं केलं, एका सुनेचं जड होते का?" मी आत हुंदका गिळला होता, तो आज बाहेर काढते. माझ्या माहेरी बापाने मला शिकवलं, पण जेवायला कधी वाढलं नव्हतं. बाळंतपणात मेथीचे लाडू तुम्हीच वळलेत. एकेक लाडू चेंडूएवढा, कारण हाताला मापच ते. तुमच्या नातीला पहिला भात तुमच्याच हातचा.

आणि रोज दुपारी, सगळ्यांचं झालं की, तुम्ही एक ताट वाढायचात. वरण, भाजी, भाकर, कांदा, वर दुसरं ताट झाकण. ते कोनाड्यात ठेवायचात. सुदामचं ताट. मी एकदा म्हटलं, ते खाणार नाहीत, कशाला वाढता? तुम्ही म्हणालात, "पहाऱ्यावर हाये थो. पहाऱ्यावरच्याचं ताट राखून ठेवलं पायजे." हे संध्याकाळच्या गाडीने मालेगावच्या कचेरीतून यायचे, कोनाड्याकडे न बघता भाकरीच्या टोपलीकडे जायचे. सकाळी मी उठून बघायची तर तुम्ही त्या कोनाड्यापाशी पाट घेऊन बसलेले आणि तेच ताट खात असलेले. वरण थिजलेलं, भाकर वातड. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ताट ओढून घ्यायला धावले. तुम्ही हात आडवा केलात. "लांगरी अन्न फेकत नाही, पोरी."

रोज, मामाजी. मुलाने नाकारलेलं ताट तुम्ही रोज सकाळी पोटात घालत होता आणि हा गृहस्थ समजत होता की ते गाईला जातं.

आपलं भांडण इथेच होतं. मी म्हणायची, बोला. त्यांना समोर बसवा आणि सांगा, जेव. तुम्ही म्हणायचात, "सांगून जेवलं त थे जेवन नाही होत. ऑर्डर होते." मी म्हणायची, मग मी सांगते. तुम्ही म्हणायचात, "तू सांगतलं त तुह्यासाठी जेवीन. मले कायले?" मी चिडून म्हणायची, तुम्ही दोघे बाप-लेक मिळून माझ्या जिवाला घोर आहात. तुम्ही हसायचात आणि कांदा चिरायला घ्यायचात. कांद्याचा तुम्हाला फार उपयोग व्हायचा, हे मला उशिरा कळलं.

झेंडावंदनाचं आठवतं? मी हेडमास्तरांना सांगितलं, आपल्या गावचा माजी सैनिक आहे, त्यांना पाहुणे म्हणून बोलावू. ते हो म्हणाले. तुम्ही मात्र अडून बसलात. "थे म्हनतीन, लढाई केली. अन् मले खुर्चीत बसून खोटं आयकावं लागीन." मग विचार करून म्हणालात, "येतो. पन पोट्ट्याइसाठी शिरा करतो. डेग घेऊन येतो." मी आनंदाने हेडमास्तरांकडे गेले. ते टेबलावरचं पेपरवेट फिरवत राहिले. म्हणाले, बाई, माझं काही नाही हो, पण गावातले पालक... तुम्ही समजून घ्या. मी समजले. धम्म घेऊन इतकी वर्षं झाली, तरी आपल्या डेगेतला शिरा गावाच्या पोरांच्या पोटात जाऊ शकत नव्हता. मी घरी येऊन काय सांगावं या विचारात उंबऱ्यावर उभी राहिले. तुम्ही माझं तोंड पाहिलंत आणि भिजवायला काढलेली काजू-किसमिस परत डब्यात भरलीत.

त्या दुपारी तुम्ही मला ट्रान्झिट कॅम्पाचं सांगितलंत. आघाडीवर जाणारे-येणारे सगळ्या मुलखाचे जवान तिथे थांबायचे. कोण कुठला, कोणत्या जातीचा, कोणी विचारायचं नाही. थाळी पुढे करायचे आणि म्हणायचे, उस्ताद, थोडा और. "माह्या हातचं खाऊन थे लढाईले गेले, पोरी," तुम्ही म्हणालात. "आता गावानं नाही खाल्लं, त मले समजते. गाव हाये थे. पन घरच्यानं..." आणि उठून पाणी प्यायला गेलात. परत आलात तेव्हा तुम्ही रहमानचाचांच्या कल्हईच्या कथलाबद्दल बोलायला लागलात. मी ते अर्धं वाक्य पुरं करायला तुम्हाला भाग पाडायला हवं होतं असं मला आता वाटतं. पण तुमच्याशी कोणाची जबरदस्ती चालली होती?

तुमच्या पाठीवरच्या डागाचीही गोष्ट तुम्ही त्याच दुपारी सांगितलीत. मानेपासून कमरेपर्यंतची ती सुरकुतलेली कातडी. गाव म्हणायचं, गोळा लागला. हे म्हणायचे, वरण सांडलं असेल अंगावर. मामाजी, गंमत अशी की दोघेही खरं बोलत होते. शेवटच्या लढाईत, थंडीत, तुम्ही पाठीला गरम वरणाचा डबा बांधून वरच्या मोर्च्याकडे चढत होता. जवळच गोळा फुटला, तुम्ही पडलात, झाकण उडालं आणि उकळतं वरण कोटाच्या आतून पाठीवर उतरलं. "माह्याच वरनानं मले जखमी केलं," असं म्हणून तुम्ही खो खो हसलात. मी हसले नाही. मग तुम्हीही थांबलात. उरलेलं वरण घेऊन तुम्ही वर पोचलात. भाजलेल्या पाठीने वाढायला बसलात. आणि जेवणारे कमी झाले होते.

"तवा पयल्यांदा माह्यं वरन उरलं," तुम्ही म्हणालात. "सांडूनई उरलं. त्या दिसापासून कमी टाकाले हात होत नाही. कमी टाकलं म्हंजे कोनी येनार नाही असं आपनच ठरवलं ना?"

मी तेव्हाच म्हटलं, हे त्यांना सांगा. आजच सांगा. तुम्ही माझ्याकडून वचन घेतलंत की नाही सांगणार. "दया येऊन जेवीन थो. तसं नको मले." मी वचन दिलं आणि तुमच्यावर दोन दिवस धुसफुसत राहिले. तुम्ही माझ्या डब्यात जास्तीचा ठेचा घालून तह केलात.

तुम्ही गेलात त्या दिवशीही दुपारचं सगळं आटोपलंत. आत्याबाईंनी मीठ कमी सांगितलं, तुम्ही रिकामी चिमूट टाकलीत. सगळ्यांना वाढलंत, सुदामचं ताट काढून झाकलंत आणि लिंबाखालच्या खाटेवर जरा पडलात. मला शाळेत निरोप आला. मी धावत आले तेव्हा तुमचा एक हात खाटेखाली लोंबत होता आणि बोटांना हळद लागलेली होती. हे संध्याकाळच्या गाडीने आले. दारात माणसं पाहून चप्पल न काढता आत शिरले. रडले नाहीत. तुमच्या पायांशी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला पोचवून सगळे परत आले. शेजारच्या घरून चहा आला होता. मी कपबशा घेऊन आत गेले तर हे कोनाड्यापाशी उभे. ह्यांनी झाकण उचललेलं होतं. ताटाला मुंग्या लागल्या होत्या. वरणावर, भाकरीवर, सगळीकडे.

"हे ताट रोज ठेवत होते?" ह्यांनी विचारलं.

"रोज."

"मंग गाईले टाकत असतीन."

वचन पाठीच्या डागाचं होतं, ताटाचं नव्हतं. मी सांगितलं, गाईला नाही, सकाळी स्वतः खायचे. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना मारलंच आहे. मग खाली बसले आणि बोटाने एकेक मुंगी ताटातून बाजूला करायला लागले. त्या संपणाऱ्या नव्हत्या. घास काही खाता आला नाही. बराच वेळ ताट मांडीवर घेऊन बसले होते. मला तेव्हा ह्यांची कीव आली, तुमचीही आली, आणि सगळ्यात जास्त त्या वरणाची.

त्या दिवसापासून आत्याबाई बोलेनाशा झाल्या. पाणी दिलं तर प्यायच्या, भाकर दिली तर मोडायच्या, पण शब्द नाही. बायका येऊन गळ्यात पडून रडायच्या, ह्या भिंतीकडे पाहायच्या. मला भीती वाटायला लागली होती.

जलदानाच्या आदल्या दिवशी रहमानचाचा न बोलावता आले, डेगेला कल्हई करून गेले. गल्लीतल्या बायकांनी कोण काय रांधणार ते ठरवलं होतं. सकाळी उठून बघते तर अंगणात तीन दगड मांडलेले आणि हे फुंकणीने जाळ करत होते. डोळे धुराने लाल. मी म्हटलं, बायका येतीलच. ह्यांनी फुंकणी सोडली नाही. ह्या माणसाने जन्मात चहा केलेला नाही, मामाजी. पाणी उकळायला लागलं तेव्हा तुरीचं पोतं उघडून मला विचारलं, "किती टाकू?"

"सगळ्यांना पुरेल इतकी."

"सगळे म्हंजे किती जन?"

मी म्हटलं, "मोजू नका. टाका." आणि ह्यांनी टाकली. तुम्ही पाहायला हवं होतं. तुमच्यापेक्षा जास्त! शेजारणी पळ्या, गंज, बादल्या घेऊन धावल्या. कांदा ह्यांनीच चिरला, आणि आपल्या घरात त्याचा उपयोग कसा होतो ते तुम्हाला माहीतच आहे.

वरण झालं. ह्यांनी पळी भरली आणि आत्याबाईंपुढे जाऊन उभे राहिले. मला वाटलं, माय, चाख, असं म्हणतील. ह्यांनी टाचा जुळवल्या. लहानपणी दर रजेत ऐकलेलं होतं ते. "साब," म्हणाले आणि कलती पळी सावरली. पुन्हा म्हणाले, "साब, खाना तयार है."

आत्याबाईंनी वर पाहिलं. पदर सावरला. पळीला बोट लावलं, जिभेवर ठेवलं, डोळे बारीक केले.

"मीठ कमी हाये," त्या म्हणाल्या.

हे लगबगीने चुलीकडे वळले आणि मिठाच्या बरणीत मूठ घातली. बिचाऱ्यांना पुढचं माहीतच नव्हतं. ते पाहायला हे कधी थांबलेच नव्हते. मी धावत जाऊन मनगट धरलं. म्हटलं, "मीठ सोडा. रिकाम्या हाताने टाका." मला वेड लागलंय अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. आत्याबाई त्या रिकाम्या हाताकडेच बघत होत्या. हळूहळू ह्यांच्या लक्षात आलं. मूठ उघडून मीठ खाली पडू दिलं, हात धोतराला पुसला, डेगेवर चिमूट सोडली, ढवळलं आणि पळी घेऊन परत गेले.

"आता जमलं," आत्याबाई म्हणाल्या, आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडल्या. मग आम्ही सगळेच रडलो. रडू दिलं सगळ्यांना, वरण तेवढं गरम राहील अशी आच ठेवली.

भन्तेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, पंगती बसल्या. हेडमास्तर आले, फोटोला हार घातला आणि काम आहे म्हणून गेले. असू द्या, तुम्हाला ते समजतं. रहमानचाचा नातवंडांना घेऊन जेवले आणि पुन्हा वाढायला लावलं. हे घामाने निथळत वाढत होते. पोरं म्हणत होती, दादा, इकडे, थोडं अजून. सगळ्यांत शेवटी, तुम्ही बसायचात तसे, चुलीपाशी पाट ओढून हे बसले. कोणी सांगितलं नाही. मी तर मुद्दाम विहिरीकडे गेले. परत आले तेव्हा दुसरी भाकर चुरत होते. मामाजी, ते वरण ह्यांनी शिजवलेलं होतं, पण डेग तुमची, माप तुमचं, चाखणी तुमची. माझ्या हिशोबी ते तुमच्याच हातचं. यावर वाद घालायचा असेल तर या आणि घाला.

आणि कोणाची दया येऊन जेवले नाहीत. पाठीचा डाग अजून माझ्याच पोटात आहे. आता सांगितला तर चालेल ना? जेवण तर झालं.

वरण उरलं, अर्थातच. गल्लीभर वाटूनही उरलं. सगळी निजानीज व्हायच्या आधी ह्यांनी एक ताट वाढलं, कांदा ठेवला, वर दुसरं ताट झाकलं आणि कोनाड्यात ठेवलं. या वेळी खाली पाण्याची परात ठेवली, मुंग्यांसाठी.

सकाळी चूल पेटवायला आले तर हे कोनाड्यापाशी पाटावर बसले होते. ताट पुढ्यात. वरण थिजलेलं, भाकर वातड. मी म्हटलं, आणा, गरम करून देते.

ह्यांनी हात आडवा केला.

"नको," म्हणाले. "बाबा असंच खात होते ना?"

हो म्हटलं, आणि लोटाभर पाणी भरून ह्यांच्या बाजूला ठेवलं.